कोपरा ओढणाऱ्यांचा बंदोबस्त

जावाच्या स्विंगमध्ये डेस्कटॉपचे फॉर्म बनवणाऱ्या होतकरू मंडळींस कळवण्यात येते की, खिडकीचा कोपरा धरून ओढणारी माणसं जगात आहेत. आमच्या टीम लीडच्या मते ती नाहीत. सबब पुढील नियम.

नियम पहिला, लीडचा लाडका. लेआउट मॅनेजरला नल करून घरी बसवावं आणि प्रत्येक घटकाची जागा सेटबाउंड्सने पिक्सेल मोजून ठरवावी. लीडच्या 24 इंची मॉनिटरवर फॉर्म देखणा दिसतो. ग्राहकाच्या गोदामातल्या जुन्या लॅपटॉपवर 'जतन करा'चं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी असतं. बटण आहे ना, मग झालं. ते दिसायलाही हवं, असं करारात कुठे लिहिलंय?

नियम दुसरा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पॅनलमध्ये पॅनल घालावं, त्यात आणखी एक, आणि सगळ्यांत आत एक तक्ता. मग खिडकी मोठी करावी, तक्ता ढिम्म हलत नाही हे पाहावं आणि तक्त्याला शिव्या घालाव्यात. तक्ता बिचारा निर्दोष असतो. जागा बाहेरून आत वाटत येते. मुंबईहून निघालेला निधी तालुक्याला अडावा तशी ती मधल्याच एखाद्या पॅनलपाशी अडते. अडवणाराही बहुधा ठरलेला. नव्या जेपॅनलला कुणी काही सांगितलं नाही, तर तो फ्लोलेआउट घेऊनच जन्माला येतो, आणि फ्लोलेआउट आतल्या घटकाला त्याच्या पसंतीच्या आकारापलीकडे काही देत नाही. जेफ्रेमचा मुख्य पॅनल मात्र बॉर्डरलेआउटवर चालतो. म्हणून तक्ता थेट खिडकीत टाकला की मस्त पसरतो, मधे साधा पॅनल आला की रुसतो. त्या मधल्यालाही बॉर्डरलेआउट द्यावा आणि तक्ता 'सेंटर'मध्ये ठेवावा. वरखालच्या पट्ट्यांना त्यांची उंची देऊन उरलेलं सगळं सेंटरला मिळतं. सेंटरमध्ये दोन घटक टाकले तर शेवटचा तेवढा दिसतो. पहिला शोधण्यात दुपार छान जाते.

नियम तिसरा. सेटप्रेफर्डसाइज सगळीकडे शिंपडावं. का ते विचारू नये.

नियम चौथा : ग्रिडबॅग. 'वेट' शून्य असतं तेव्हा सगळे घटक मधोमध घोळका करून उभे राहतात. वेट दिलं आणि 'फिल' द्यायचं राहिलं, तर खण वाढतो, आतला घटक तेवढाच. दोन्ही दिलं नाही आणि खिडकी हवी त्याहून जराशी अरुंद झाली, की ग्रिडबॅग सगळ्यांना एकदम किमान आकारावर आणतो. 'पूर्ण नाव' लिहायची चौकट अशी आक्रसते, की त्यात एक अक्षर धड मावत नाही. ग्राहक फोन करून विचारतो, "नाव कुठे भरायचं?"

वैताग येतो हो. लेआउट शिकायला दोन संध्याकाळी पुरतात, पण 'माझ्या मशीनवर नीट दिसतं' म्हणायला दोन सेकंद लागतात, मग शिकतंय कोण! कामाचा उपाय एकच सांगतो. संशयित पॅनलांना लाल, पिवळा, पोपटी असे भडक रंग द्या आणि खिडकी ओढा. जो रंग वाढायला तयार नाही, त्याला सोडा. त्याच्या बाहेरचा पॅनल तपासा, कारण जागा देणारा तो. काम झालं की रंग काढा. एका ग्राहकाला पोपटी आवडला होता.

हा उपाय आमच्या टेस्टर बाईंचा. त्या कोपरा धरतात आणि सावकाश, तिरका, आतबाहेर ओढत राहतात. लीड त्यांना पाहून पाणी प्यायला उठतात. अखेर लीडनी शेवटचा नियम काढला : सेटरिसायझेबल फॉल्स. आता ओढून कुठे ओढणार?

बाईंनी एकदा ओढून पाहिलं. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेल्या आणि स्केल 150 टक्के केलं. 'जतन करा' पुन्हा पडद्याखाली.