उजळाईवाडी ते सांबरा, व्हाया हैदराबाद

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणारे आणि प्रत्यक्ष रस्त्याने जाणारे, या दोन जमातींचं कधी पटत नाही. आमच्या घरात दोन्ही नांदतात. बेळगावला भाचीच्या साखरपुड्याला जायचं ठरलं, तेव्हा पहिल्या जमातीच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, कोल्हापूर विमानतळ ते बेळगाव विमानतळ, सरळ रेषेत ९५ किलोमीटर. एटीआर विमान ताशी पाचशेनं जातं. म्हणजे बारा मिनिटं!"

"बारा मिन्टं?" दुसऱ्या जमातीची आमची आई म्हणाली, "मग चढायचं कशाला? पट्टा लावंस्तवर उतरायचं की!"

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, बेळगावचा सांबरा १९४२चा, महायुद्धाच्या धामधुमीतला. इतक्या वर्षांच्या या शेजाऱ्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं नाही; थेट विमानच नाही. चिरंजीवांच्या मोबाइलनं मात्र हार मानली नाही. त्यानं सुचवलं : हैदराबादमार्गे जा. म्हणजे आधी साडेचारशे किलोमीटर पूर्वेला, तिथे विमान बदला, मग जवळजवळ तेवढंच माघारी. ९५ किलोमीटरसाठी पावणेनऊशेची प्रदक्षिणा!

"हैदराबादला आपलं कोण आहे?" आईनं विचारलं. या प्रश्नाला मोबाइलकडे उत्तर नव्हतं.

थेट विमान न सोडणाऱ्या विमान कंपन्यांचंही खरं आहे. विमानाला सगळ्यात जास्त इंधन लागतं ते वर चढताना. इथे उजळाईवाडीहून जेमतेम वर चढलं, की संकेश्वरावर उतरायची तयारी. पायलटनं स्वागताचं भाषण करावं की निरोपाचं?

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे : अंतर २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी असला तर मिनिटाच्या आतही पोचलेत. पण तिथे मधे समुद्र आहे. आपल्याकडे मधे राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, आणि त्यावर निपाणी आहे.

समजा, उद्या थेट विमान सुरू झालंच. घरातून उजळाईवाडी, तिथे दोन तास आधी हजेरी, बॅगांची झडती, बारा मिनिटांचं (धावपट्टीवरचं रांगणं धरून अर्ध्या तासाचं) उड्डाण, मग सामानाच्या पट्ट्याकडे डोळे लावून उभं राहणं, आणि सांबऱ्याहून शहरात यायला दहा-एक किलोमीटरची रिक्षा. साडेतीन तास कुठे गेले नाहीत. चारचाकी अडीच तासांत साखरपुड्याच्या दारात उभी करते. वाटेत कागल, कोगनोळीचा टोल, तवंदीचा घाट, हत्तरगीचा दुसरा टोल. आणि पाय मोकळे करायला कुठेही थांबा, कुणी कुर्सी की पेटी बांधायला सांगत नाही.

दोन विमानतळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे. ते रांगांमध्ये मोजावं. आणि तीनशे किलोमीटरच्या आतल्या गावाला कुणी विमानानं यायचा आग्रह केला, तर त्याला एकच विचारा : हैदराबादला आपलं कोण आहे का? नसेल, तर सरळ गाडी काढा.