अपघात कसा करून घ्यावा

अपघात काय, कुणालाही होतो. पण भरपाई पूर्ण पदरात पडेल असा अपघात करून घ्यायला अभ्यास लागतो. वसई-विरारकरांचं बरं आहे, अहमदाबाद हायवे दाराशीच असल्यामुळे सरावाला लांब जायला नको.

१. वय बघा. सुप्रीम कोर्टाच्या २००९च्या सरला वर्मा निकालात गुणकांचा तक्ताच आहे. छत्तीस ते चाळीसला १५, पासष्टीपुढे ५. तेव्हा धडकायचंच तर उमेदीत धडका. रिटायर झाल्यावर घरी बसा.

२. कमाई कागदावर आणा. दादरला भाजी नेणाऱ्या वसईकराकडे पावत्या नसतात. मग कोर्ट त्याची कमाई अंदाजाने धरतं, आणि अंदाज बहुधा कंजूष निघतो.

३. धडक शक्यतो मागून घ्या. उभ्या ट्रेलरवर जाऊन आदळू नका. सातिवली-पेल्हारच्या बाजूला रात्री दिवे न लावता तो उभा असतो. इशारा म्हणून मागे दोन दगड आणि झाडाची एक फांदी. विमा कंपनीचा वकील विचारेल, "हेडलाइट चालू होता ना? मग फांदी दिसली कशी नाही?" बंद होता म्हणालात, तर बोलणंच खुंटलं. समजा, तुमच्या माथी तीस टक्के चूक बसली. किरकोळ वाटते? महिना २० हजार पगार, कमावण्याची क्षमता २० टक्के गेली, वय ३८. वर्षाचे ४८ हजार गुणिले १५, म्हणजे ७ लाख २० हजार. त्यातले २ लाख १६ हजार फांदीच्या खात्यात.

४. खड्डा चुकवायला वळू नका, "अचानक दिशा बदलली" असं होतं. खड्ड्यातच पडा आणि पंचनामा होईपर्यंत उठू नका. पावसाळाभर न बुजलेला खड्डा त्या एका रात्रीत खडी टाकून बुजतो.

५. ट्रिपल सीट असाल तर धीर सोडू नका. एका प्रकरणात तेवढ्यासाठी भरपाईतले दहा टक्के कापले होते. २०२० साली सुप्रीम कोर्टाने ते परत दिले. तिघं बसल्यामुळेच अपघात झाला हे आधी दाखवा, म्हणाले. पोलिसांचा दंड वेगळा, तो मुकाट्याने भरा.

६. अवयव विचार करून निवडा. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि बुडालेली कमाई एकच नव्हे, हे २०१० पासून ठरलेलं आहे. रिक्षावाल्याचा पाय आणि कारकुनाचा पाय एका भावाने जात नाहीत.

७. अर्जाला २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तोवर प्लास्टर निघालं तर उत्तम. नाही निघालं तर तसेच या, पुरावा आहे.