बप्पा गाडी बघतात

बीड जिल्ह्यात जुनी चारचाकी घ्यायला कुणी एकटं जात नाही. सोबत मेव्हणा लागतो, उसने पैसे देणारा दोस्त लागतो आणि एक बप्पा लागतात. मेव्हणा रंगावर बोलतो, दोस्त किमतीवर. बप्पा काहीच बोलत नाहीत. गाडीपासून दहा पावलांवर उभे राहून तंबाखू मळतात आणि गाडीऐवजी मालकाकडंच बघत राहतात. चुना लागेपर्यंत मालकाला राहवत नाही. तो आपण होऊन सांगतो, "डावा दरवाजा जरा घासला होता, पण लई न्हाई."

गेवराई, केज, माजलगाव, परळी, कुठंही जा, असे एक बप्पा सापडतात. त्यांचं स्वतःचं गॅरेज नसतं. कधीकाळी होतं, किंवा कधीकाळी गॅरेजसमोर त्यांची टपरी होती. इतक्या वर्षांनी फरक कोण विचारतो? पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल, एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक. चुंबक पत्र्यावरून फिरवत न्यायचा. जिथं तो हातातून निसटतो, तिथं बप्पा थांबतात. "हितं पत्रा कमी अन् लांबी जास्त," एवढंच म्हणतात आणि पुढं सरकतात. पन्नास हजार तिथंच उतरलेले असतात.

बप्पांचे वडील जनावरांच्या बाजारात बैल पारखायचे. दात बघायचे, शेपटी पिळायचे, दोन पावलं चालवून खूर बघायचे. बप्पांनी धंदा बदलला, रीत बदलली नाही. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलचं रबर बघून ते गाडीचं वय सांगतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे टॉर्च मारून वाचतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी 2017 ची आणि मीटर वीस हजार, मग पहिले टायर गेले कुठं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढतात आणि टोकाला गाळाची रेघ आहे का, ते बघतात. जुलै 2024 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून पुण्याची गाडी म्हटली की बप्पा आधी सीटबेल्टच ओढतात. शेवटी इंजिन चालू करायला सांगून डोळे मिटतात आणि ऐकतात. भाव अजूनही टॉवेलखाली बोटं धरून ठरतो. मेव्हण्याला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तो रंगाबद्दल पुन्हा बोलतो.

मीटरवर त्यांचा विश्वास नाही. "पुढारी सांगंल त्याच्या निम्मं धरायचं, मीटर सांगंल त्याच्या दुप्पट." कागदावर तर त्याहून नाही. आरसीवर किती मालक झाले आणि बँकेचा बोजा उतरला का, एवढंच ते मेव्हण्याला मोबाईलवर बघायला लावतात. बाकी कागद, त्यांच्या मते, झेरॉक्सच्या दुकानात मिळतो.

आणि खरं सांगायचं तर सरकारनंच त्यांना ही जागा मोकळी ठेवलेली आहे. टॅक्सी, टेम्पो, उसाचा ट्रक यांना फिटनेस लागतो. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. घरच्या गाडीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची. पीयूसीवाला धूर बघतो, बाकी गाडीला पंधरा वर्षं कुणी अधिकारी हात लावत नाही. मधल्या काळात ती किती चालली, कुठं आपटली, कितीदा बुडाली, याची सरकारी नोंद नाही. ती नोंद बप्पा बोटांनी चाचपून काढतात.

त्यांचा पुतण्या इंग्लंडात असतो. त्यानं तिथं जुनी हायब्रीड घेतली आणि फोनवर सांगितलं, "काका, इथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. एमओटी म्हणतात. 2005 पासूनचं सगळं नोंदलेलं आहे. गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीचे मैल, काय नापास झालं, काय झिजत आलंय, फुकटात दिसतं."

बप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजी तिकडं बप्पाच न्हाईत?"

"नाहीत."

"मग गाडी बघाया सोबत कोन जातंय?"

"मी एकटाच गेलो होतो."

"आरारा," बप्पा म्हणाले आणि त्यांनी काकूंकडं फोन दिला.

असे बप्पा एकदाच अडले, ते हायब्रीडपाशी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी रोज धारूरचा घाट चढून शाळेला जातात. पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यापासून त्यांनी फळ्यापेक्षा वहीवर जास्त गणितं केली. 2022 मध्ये ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या हायब्रीड गाड्या आल्या. कंपन्यांनी लिटरला सुमारे 28 किलोमीटरचं ॲव्हरेज सांगितलं आणि गुरुजींना रात्री झोप येईना. नवी परवडत नव्हती. पुण्यातल्या एका साहेबांची जुनी निघाली, मीटर 88 हजार. गुरुजी, मेव्हणा, दोस्त आणि बप्पा निघाले.

सीटबेल्ट कोरडा निघाला. चुंबक कुठंच निसटला नाही. साहेबांनी बटण दाबलं. बप्पांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"चालू करा की."

"चालूच आहे."

बप्पांनी बॉनेटला कान लावला. आत शांतता. तेवढ्यात गाडी आवाज न करता हातभर मागं सरकली आणि बप्पा आयुष्यात पहिल्यांदा एका गाडीला दचकले.

पुढं तर कहर झाला. क्लचचं रबर बघायला वाकले, तर क्लचच नाही. चाकाच्या आत टॉर्च मारली, तर ब्रेकचे पॅड जवळपास नवे. "गुरुजी, ही तर चाललेलीच न्हाई," बप्पा म्हणाले. मेव्हण्यानं रात्रभर व्हिडिओ बघितले होते. तो पहिल्यांदाच रंग सोडून बोलला: या गाडीचा वेग आधी मोटारच कमी करते, त्यातून बॅटरी चार्ज होते, म्हणून पॅड फारसे झिजत नाहीत. शहरात इंजिनही निम्मा वेळ बंद असतं, त्यामुळं इंजिन ऐकून किलोमीटर कळत नाहीत. म्हणजे बप्पांचे सगळे साक्षीदार एकाच दिवशी फुटले होते.

बप्पा मागच्या सीटवर जाऊन बसले. लोकांना वाटलं, हरले. पण ते बसल्या बसल्या हात फिरवत होते. बॅटरीला हवा जायची जाळी मागच्या सीटजवळ सापडली. बोट घातलं, आतून शेव निघाली, पोह्याचा चिवडा निघाला, कुण्या लेकराची रबरबँड निघाली. "ह्या जाळीत घाण बसली की बॅटरी तापती," मेव्हणा म्हणाला. बप्पांना बॅटरीचं काही नव्हतं. त्यांनी साहेबांना विचारलं, "घरात लेकरं किती?"

"एकच मुलगा. बंगलोरला असतो, नोकरीला."

"मग चिवडा कोन खात व्हतं?" साहेब हसले. बप्पा हसले नाहीत. खाली वाकून ॲक्सिलरेटरचं पेडल दाबत म्हणाले, "अन् 88 हजारात हे रबर नवं कामून?"

त्यानंतर बप्पांनी जन्मात मागितला नव्हता तो कागद मागितला. कंपनीच्या सर्व्हिसची सगळी नोंद. साहेब म्हणाले, नंतर पाठवतो. बप्पांनी तंबाखू काढली. "आमाला घाई न्हाई. गुरुजींना सुट्टी हाये." अर्ध्या तासानं नोंद मोबाईलवर आली. बप्पांनी मोबाईल हात लांब करून धरला, डोळे बारीक केले आणि बोटानं एकेक ओळ वाचली. सात महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसला किलोमीटर 1,31,000. समोर मीटर 88 हजार.

"साहेब," बप्पा अत्यंत अदबीनं म्हणाले, "सात महिने गाडी रिव्हर्समधी चालवली का?"

मेव्हण्यानं मग हिशेब मांडला. या हायब्रीड बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. मीटर खरं असतं तर 72 हजार किलोमीटर शिल्लक होते. नोंद खरी धरली तर फार तर 29 हजार, तेही गेले सात महिने गाडी उभीच होती असं मानलं तर. शिवाय मीटर मागं फिरवलेल्या गाडीची हमी कंपनी कशाला पाळेल? बप्पांनी निकाल दिला, "गाडी चांगली हाये. मालक दुरुस्त व्हनार न्हाई." आणि सगळे उठले.

गुरुजींनी पुढं तसलीच दुसरी घेतली. मीटर 1,12,000, म्हणजे बप्पांच्या जुन्या हिशेबानं भंगारच. पण पहिल्या सर्व्हिसपासूनची एकही ओळ तुटलेली नव्हती, आकडे ओळीनं वाढत गेलेले, विम्याचा मोठा क्लेम नाही, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून बॅटरी तपासून घेतलेली. इंजिन ऐकायला बप्पांनी नकार दिला. "ती मुकी हाये. तिचं लिहिलेलंच वाचायचं." पण वाचून झाल्यावर जाळीत बोट घातलंच.

बप्पा पैसे घेत नाहीत. मांजरसुंब्याला थांबून मटण आणि भाकरी, ही ठरलेली फी. या वेळी जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी वरचं काही मागितलं. "आजवर कानावर भागलं. कान देवानं फुकट दिलेत. आता वाचावं लागतंय. चष्मा घिऊन द्या."

गुरुजींनी घेऊन दिला. आता बप्पा गाडी बघायला गेले की चुंबक खिशातच राहतो. दहा पावलांवर उभे राहून ते चष्मा काढतात, टॉवेलनं पुसतात, नाकावर चढवतात आणि म्हणतात, "काय ते सर्व्हिसचं दाखवा." तेवढ्यावरच निम्मे मालक दहा हजारांनी खाली येतात आणि उरलेले निम्मे म्हणतात, गाडी सध्या विकायची नाही.