जुन्या संगणकावर विंडोज बसू न देण्याची शास्त्रोक्त पद्धत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि माजघरात कव्हर घालून ठेवलेल्या संगणकांवर नवी विंडोज चढवायची टूम निघाली. रत्नागिरीही त्याला अपवाद नाही. यातले काही प्रयत्न दुर्दैवाने यशस्वी होतात. ते टाळू इच्छिणाऱ्यांनी पुढील विधी क्रमाने करावा.

मुहूर्त : जुलै उत्तम. इथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात मांडवीकडून येणारा खारा वारा. दोघे मिळून रॅमच्या पट्ट्यांवर मळकट थर चढवतात आणि बटण दाबताच काळा पडदा नि बीप-बीप एवढंच हाती लागतं. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, तर बरेचदा मशीन उठून बसतं. म्हणून घरातले खोडरबर आधीच दप्तरात घालून शाळेत पाठवावेत.

साहित्य : लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह एक, फोनवर पुण्याचा भाचा एक, सल्लागार शेजारी यथाशक्ती. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचाच ठेवावा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल हल्ली बहुधा त्याहून मोठीच असते. कॉपी करताना तक्रार आलीच, तर ‘स्किप’ दाबून तिचा निकाल लावावा.

बॅटरी : मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची तीन व्होल्टची चपटी बॅटरी असते. ती मेली की संगणक तारीख विसरतो, आणि आधी पेनड्राइव्ह वाचायचा हे बायोसमध्ये सांगून ठेवलेलंही विसरतो. तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी ठरतात. बॅटरी मुळीच बदलू नये. लाइट गेली-आली की बायोसमध्ये जाऊन तेच पुन्हा सांगावं, तेवढीच करमणूक.

डिस्क : पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आणि डिस्कची मांडणी जुनी एमबीआर असली, तर या डिस्कवर विंडोज बसणार नाही, असं पडद्यावर स्पष्ट येतं. सरळ उपाय असा, की सगळं सामान दुसरीकडे उतरवून मग मांडणी बदलावी. आपण मात्र तडक सगळे भाग डिलीट करावेत. आंबा बागेचा दहा वर्षांचा हिशेब त्यातच असतो, हे दुसऱ्या दिवशी आठवावं.

पात्रता : विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर तिच्या यादीबाहेर आहेत. ही यादी आधी पाहिली तर अख्खा रविवार वाचतो, आणि वाचलेल्या रविवारी घरचे माळा आवरायला लावतात. तेव्हा यादी शेवटी पाहावी.

सल्ला : एक शेजारी रॅम बदला म्हणेल, दुसरा केबल, भाचा बायोस. तिन्ही एकदमच करावं. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर बिघाड नेमका कुठे होता ते कळण्याचा धोका असतो.

निषिद्ध : लिनक्स मिंट किंवा लुबुंटू पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, डिस्कला हातही लावावा लागत नाही. जुनी मशिनं त्यावर बऱ्यापैकी चालतात. ही माहिती घरातल्या कॉलेजकुमारांपर्यंत पोचू देऊ नये.

फलश्रुती : हे सगळं यथासांग करूनही विंडोज बसलीच, तर पद्धतीला बोल लावू नये. घरात कुणीतरी चोरून पडद्यावरचा मजकूर वाचला, असं समजावं.