जागतिक खोती आणि सावर्ड्याची हरकत

मौजे सावर्डे, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी येथील कोणाही इसमास, मग तो कातभट्टीवर खपणारा असो, चित्रकला महाविद्यालयात पेन्सिली झिजवणारा विद्यार्थी असो, की महामार्गाच्या कडेला एस.टी.ची वाट पाहत बसलेला पेन्शनर असो, आशिया आणि प्रशांत महासागराच्या समस्त प्रदेशात इंटरनेटच्या पत्त्यांचे वाटप कोणत्या नियमांनी व्हावे याविषयी प्रस्ताव मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे, ही वार्ता आमच्या पंचक्रोशीस अद्याप पोचलेली नाही याचा आम्हांस खेद वाटतो. या अधिकारासाठी सभासदत्व लागत नाही, वर्गणी लागत नाही, रहिवासाचा दाखला लागत नाही, आणि ज्याच्यावाचून आपल्याकडे गॅसची टाकीसुद्धा हलत नाही त्या आधारकार्डाची झेरॉक्सही लागत नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी जिचे दप्तर आहे अशी एपनिक नामक संस्था ५६ मुलुखांची ही जमाबंदी सांभाळते, आणि नियम रयतेने करावेत, दप्तराने ते केवळ पाळावेत, असा तिचा जाहीर शिरस्ता आहे.

पत्ते वाटण्याच्या कामाला एवढा सोपस्कार लागतो, हे रत्नागिरी जिल्ह्याला सहजासहजी पटणारे नाही; कारण याच जिल्ह्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर, जे दळणवळण मंत्रालयात उच्च पदावर होते आणि जे संस्कृतात काव्ये व नाटके रचीत असत, त्यांनी सबंध हिंदुस्थानातील टपाल कचेऱ्यांना सहा-सहा अंक वाटून दिले ते एकाही गावाची ग्रामसभा न भरवता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड अमलात आला, आणि आमच्या सावर्ड्याच्या वाट्याला ४१५६०६ हा आकडा पडला. यांतील पहिले तीन अंक साताऱ्याशी सामाईक आहेत, म्हणजे ज्या सह्याद्रीने घाटावरचा आणि कोकणातला माणूस युगानुयुगे एकमेकांपासून सुरक्षित ठेवला तो सह्याद्री वेलणकरांनी तीन अंकांत सपाट केला. तरीही कोणी हरकत घेतली नाही, कोणी उपोषणास बसले नाही, आणि कवीच्या हातून झालेले हे सरकारी काम, कवीच्या हातून होणाऱ्या इतर कामांच्या मानाने, आश्चर्यकारकरीत्या टिकले.

योगायोग असा, की त्याच १९७२ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाच्या तरुणाने, नुकत्याच एकमेकांशी बोलू लागलेल्या संगणकांना जे निरनिराळे क्रमांक लागत ते देण्यासाठी कोणी एक ‘झार’ असावा असे टिपण लिहिले, आणि तो झार कोण या नाजूक प्रश्नाचे उत्तरही त्याच टिपणात कंसात, प्रश्नचिन्हासह, सुचवून ठेवले: ‘मी?’ तेथेही कोणी हरकत घेतली नाही. १९९८ साली मृत्यू येईपर्यंत लांब दाढीचा हा झार क्रमांकांच्या दप्तराशी निगडित राहिला, आणि आरंभीच्या त्या सत्ययुगात गरजवंताने मागावे व दप्तरात नोंद व्हावी, याहून अधिक कार्यपद्धती अस्तित्वात नव्हती.

या सुलभ कार्यपद्धतीतूनच खोत जन्माला आले. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हाचे संगणक मोजके. तस्मात् हे वतन सूर्यचंद्र असेतो पुरेल अशा समजुतीने, ज्याने हात पुढे केला त्याच्या ओंजळीत १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्त्यांचा अखंड मुलूख ओतण्यात आला. एक मुलूख एम.आय.टी. या विद्यापीठाला, एक मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीला, एक ॲपलला. फोर्डच्या प्रत्येक मोटारीच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र पत्ता द्यायचा होता की काय, हे दप्तरात नमूद नाही. आज अमेरिकेच्या पदरी दीडशे कोटींच्या वर पत्ते आहेत आणि १४० कोटी लोकांच्या हिंदुस्थानापाशी चार कोटींच्या आसपास, ही तफावत कोणा दुष्टाच्या कारस्थानातून आलेली नाही. जो आधी आला त्याची वहिवाट लागली, एवढेच झाले, आणि कोकणच्या माणसाला वहिवाट म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फरक इतकाच, की आमच्याकडील खोतीविरुद्ध १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले आणि पुढे १९४९ च्या कायद्याने ती नष्ट झाली. या दुसऱ्या खोतीविरुद्ध विधेयक आणावे असे विधिमंडळच पृथ्वीतलावर नाही. खोत मात्र काळाबरोबर चालतात. नॉर्टेल ही कॅनडाची कंपनी २०११ साली दिवाळखोरीत असता तिने ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टला ७५ लाख डॉलरांना विकले, तेव्हा जे फुकट मिळाले ते पुढे भावाने विकता येते हा साक्षात्कार सर्वांस झाला, आणि २०१७ साली एम.आय.टी.नेही आपल्या वतनापैकी सुमारे ८० लाख पत्ते विकायला काढले. विद्यादानाबरोबर भूदान घडले नाही, विक्री घडली.

३ फेब्रुवारी २०११ रोजी अमेरिकेतील मायामी शहरी जागतिक कोठारातील शेवटचे पाच मुलूख पाच खंडांच्या पाच दप्तरांना समारंभपूर्वक प्रत्येकी एक असे अर्पण करण्यात आले. समता ती हीच, आणि ती नेमकी त्या दिवशी अवतरली. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, एपनिकचे कोठार त्या शेवटच्या मुलुखावर आले; मग प्रत्येक सभासदास फार तर १,०२४ पत्ते असा शिधा ठरला, आणि २०१९ साली तोही कापून ५१२ वर आणला. म्हणजे कोट्यवधी पत्ते वाटायचे होते तेव्हा एक दाढीवाला गृहस्थ पुरेसा होता, आणि पाचशे बारा वाटायची वेळ आली तेव्हा प्रस्ताव, दुरुस्त्या, हरकती, खुलासे व पंचतारांकित सभागृहे यांना बहर आला. हा शेवटचा मुलूख १०३ या आकड्याने सुरू होतो. चिपळूण-सावर्डे भागात किंवा अवघ्या महाराष्ट्रात कोणा लहान केबलवाल्याकडून इंटरनेट घेतले असेल, तर आपला पत्ता तपासून पाहावा; तो १०३ ने सुरू होत असण्याचा संभव मोठा आहे. पंक्ती उठून गेल्यावर जे पातेले खरवडले जाते, त्यातले ते शीत.

या शिताचे गावपातळीवर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. पाचशे पत्ते आणि हजारो गिऱ्हाइके असा हिशेब जुळवण्यासाठी केबलवाला अख्ख्या वाडीला एकाच पत्त्यामागे उभी करतो, आणि बाहेरच्या जगाला ती वाडी एकच माणूस दिसते. मग मुंबईस राहणारा चाकरमानी, ज्याने मे महिन्यात येऊन काजूच्या बागेवर कॅमेरे आणि पडवीत रेकॉर्डर बसवला, तो परळला परतून फोनवर बाग पाहू जातो तेव्हा बाग दिसत नाही. केबलवाला अत्यंत अदबीने सांगतो, “काका, त्याला स्टॅटिक आयपी लागेल. वर्षाचे पैसे वेगळे.” त्याच वाडीतील कोणा उपद्व्यापी पोराने रात्री काही उद्योग केला, तर सकाळी शीलाची परीक्षा साऱ्या वाडीला द्यावी लागते, आणि वीज मंडळाच्या बिलाव्यतिरिक्त आयुष्यात कशाचीही भीती न बाळगलेल्या सत्तर वर्षांच्या आजींना, आपण यंत्र नसून मनुष्य आहोत हे सिद्ध करण्यासाठी, नऊ चित्रांतून अमेरिकेच्या रस्त्यावरचे अग्निशामक नळ ओळखून दाखवावे लागतात. सावर्ड्यात असा एकही नळ नाही.

आता, हे सर्व बदलावे असे वाटल्यास मार्ग खुला आहेच. प्रस्तावाचा मसुदा सभेच्या किमान चार आठवडे आधी पोचावा लागतो. सभा वर्षातून दोनदा, आज या देशी तर उद्या त्या देशी. २००७ आणि २०१२ साली ती दिल्लीसही भरली होती, परंतु सावर्ड्याहून दिल्ली ही ब्रिस्बेनइतकीच दूर असल्याने कोणाच्या ध्यानी आले नाही. सभेत मतदान होत नाही. अध्यक्ष पाठिंबा किती जोराचा आणि विरोध किती जोराचा याचा अदमास घेतात, आणि सर्वसाधारण सहमती झाली असे त्यांना वाटले तर ती झाली. विरोधाचेही दोन वर्ग आहेत: किरकोळ हरकत आणि मोठी हरकत. किरकोळ असेल तर तिची नोंद घेऊन पुढे जाता येते. मोठी असेल तर गाडे अडते. आणि आपली हरकत कोणत्या वर्गात मोडते हे हरकतदाराला अध्यक्षांकडून कळते. त्यानंतर तोच प्रस्ताव सभासदांच्या सभेपुढे, त्यानंतर चार आठवडे उरल्यासुरल्या अभिप्रायांसाठी, आणि सरतेशेवटी कार्यकारी मंडळाच्या संमतीसाठी जातो. या अवधीत जो बोलला नाही तो अनुकूल धरला जातो, म्हणजे आजवरच्या प्रत्येक नियमाला सावर्ड्याने एकमुखी पाठिंबा दिलेला आहे, आणि अभिनंदनाचा ठराव तेवढा कोणी केलेला नाही.

आमच्या ग्रामसभेला हा प्रकार अगदीच परका नाही. तेथे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने जे सात-आठजण आलेले असतात त्यांच्या साक्षीने गावाचे भवितव्य सुखरूप पार पडते. तथापि आमच्याकडे विरोध करणारा निदान ओरडतो. इंटरनेटचे मूळ शास्त्र ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या परिषदेत तर हात वर करण्याऐवजी मिटल्या तोंडाने गुणगुणण्याची चाल आहे, आणि कोणत्या बाजूचा गुंजारव भारी झाला हे ऐकून अध्यक्ष सभेचा कल ओळखतात. ज्या सावर्ड्यात शिमग्याला होल्टे होम खेळताना दोन बाजू पेटती लाकडे एकमेकांवर फेकतात, आणि खेळ संपल्यावर खांद्यावर हात टाकून घरी जातात, त्या गावच्या माणसाने दूरदेशीच्या सभेत ओठ मिटून भ्रमरासारखा आवाज काढावा आणि तेवढ्यावर आपला विरोध नोंदला गेला असे समाधान मानावे, ही अपेक्षा सुसंस्कृत असली तरी फार मोठी आहे.

नियम ठरवताना मते नाहीत. पण जे मंडळ अखेरची संमती देते त्याच्या निवडणुकीत मात्र मते आहेत, आणि ती वजनाप्रमाणे आहेत. सर्वांत लहान सभासदाला एक मत, सर्वांत बड्या सभासदाला चौसष्ट. सारा भरणाऱ्यालाच मताचा अधिकार देणारी लोकल बोर्डे आठवणारी पिढी आता उरली नाही, अन्यथा तिला हे वाचून तारुण्य प्राप्त झाले असते. आफ्रिकेची गोष्ट याहून उद्बोधक. तेथील दप्तर मॉरिशसमध्ये; सुमारे ६२ लाख पत्ते बाळगणाऱ्या एका सभासदाशी तंटा झाला; २०२१ साली न्यायालयाच्या हुकुमाने दप्तराची बँकेतील खातीच गोठली; मंडळाची गणपूर्ती संपली; २०२३ साली न्यायालयाने रिसीव्हर नेमला; २०२५ च्या जूनमधील निवडणूक रद्द झाली आणि नवे मंडळ यायला सप्टेंबर उजाडला. एक खंड सर्वसहमतीवर चालत होता, तो कज्ज्यावर चालू लागला. कोकणात आम्ही हा क्रम मुळापासूनच उलटा ठेवला आहे. आधी कज्जा, मग जमल्यास सहमती.

यावर जाणकार म्हणतात की नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांना अंतच नाही, तेव्हा हे रडगाणे कशाला. ते खरे आहे. नव्या पद्धतीत एखाद्या सामान्य केबलवाल्याला जो किमान हिस्सा मिळतो त्यात, जुन्या जगात एकूण पत्ते होते तितकी जाळी मावतात, आणि हिंदुस्थान या पद्धतीच्या वापरात जगात अग्रभागी आहे, हेही खरे आहे. परंतु समोरचे दुकान अजून जुनेच नाणे घेत असल्यामुळे जुन्याचा भाव उतरता उतरत नाही. आणि जेथे अमर्याद आहे तेथेही एका घराला किती द्यावे याविषयी विद्वानांचे वाद सुखेनैव चालू असतात. समुद्रावर पाणीवाटपाची समिती नेमली तर तीही तहकूब सभेशिवाय निर्णय घेणार नाही.

सबब आम्ही एक मसुदा तयार केला आहे. विहित नमुन्यातील ‘समस्या’ या सदरात खोतीचा इतिहास संक्षेपाने दिला. ‘उद्दिष्ट’ या सदरात, काजूची बाग परळहून दिसावी, असे लिहिले. ‘इतर प्रदेशांतील परिस्थिती’ या सदराशी आमची लेखणी अडखळली, कारण आमच्या प्रस्तावाचा अंमल ब्रिस्बेनच्या मुलुखापुरता, खोतांची नावे अमेरिकेच्या वहीत, आणि पाचही खंडांना बांधील असा नियम करायचा तर तोच प्रस्ताव पाचही सभांत पाच वेळा संमत व्हावा लागतो; तेव्हा ‘परिस्थिती समाधानकारक’ एवढेच लिहून आम्ही पुढे गेलो. ‘फायदे’ भरपूर लिहिले. ‘विद्यमान धारकांवर होणारा परिणाम’ या सदरात मात्र, संमत झालेल्या प्रस्तावांचा अभ्यास करून, ‘काही नाही’ असे सुवाच्य अक्षरात नमूद केले आहे. ज्या वाचकांना या मसुद्यास हरकत असेल त्यांनी ती लेखी कळवावी, आणि किरकोळ की मोठी हे आम्ही ठरवू.