चिकाच्या पडद्याआड

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. २००५ साली मी पडत असे. आमच्या घरचा कूलर बिघडला होता आणि धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेतला चालू होता. तासाचे २० रुपये इंटरनेटचे, वाळ्याचा वास फुकट.

एकदा मित्राने मेलवर फुलदाणीचं चित्र पाठवलं. खाली सूचना: कंट्रोल धरून ए दाबा. कीबोर्डावरचं ए पार झिजलेलं. एसच्या डावीकडचं ते ए, असा हिशेब करून दाबलं आणि फुलदाणीच्या जागी दात विचकणारं भूत आलं! मी खुर्चीसकट मागे.

प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला, "काहून ओरडला बे?"

"भूत आहे."

"मंग मले पाठव ना!"

पाठवलं. त्याने कंट्रोल-ए दाबून दाबून बोट दुखवून घेतलं. फुलदाणी नुसती निळसर झाली. तो तडक मालकाकडे गेला, "भाऊ, पैसे तेवढेच घेता अन् माह्या कॉम्प्युटरात भूतच नाही!"

भानगड ब्राउझरची होती. माझ्याकडे इंटरनेट एक्सप्लोरर होता; त्याच्याकडे नोव्हेंबर २००४ मध्ये १.० आवृत्ती आलेला, नव्या दमाचा फायरफॉक्स. संगणकावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची दाट रांगोळी. कारागिराने बुद्धिबळाच्या पटासारखं एका घरात फुलदाणीचा ठिपका ठेवला होता, शेजारच्या घरात भुताचा, अगदी फिकट. एरवी भडक फुलदाणीपुढे बिचारं भूत दिसत नसे. पण कंट्रोल-ए दाबून निवडलेल्या चित्रावर रंग चढवताना एक्सप्लोरर एक ठिपका निळा करी, एक सोडी. निळे नेमके फुलदाणीवर पडले की सुटलेल्या जागांतून भूत डोकावे. फायरफॉक्स सगळ्या चित्रावर सारखी पातळ निळाई पसरवी. त्यात कोण डोकावणार?

मला महाल भागातली आत्या आठवली. तिच्या माडीला चिकाचा पडदा होता. बांबूच्या काड्या, मध्ये बारीक फटी. ती कुणाला दिसत नसे, पण बडकस चौकाकडे कोण कुणाबरोबर गेलं, हे तिला संध्याकाळपर्यंत तोंडपाठ असे. अर्धं झाकलेलं असलं की उरलेल्या अर्ध्याकडे माणूस डोळ्यात तेल घालून पाहतो. पुढे मुलाने हौसेने सरकत्या खिडक्या बसवल्या, निळसर काचांच्या. आत्या म्हणाली, "सारा रस्ता दिसते रे पोरा, पण समजत काहीच नाही."

त्या काळी एक्सप्लोररला नावं ठेवणं हे सुशिक्षितपणाचं लक्षण होतं. संथ, ओबडधोबड, कधी अडकेल नेम नाही. ठेवली मीही. पण ते भूत त्या ओबडधोबडपणावरच जगत होतं. चित्र नीट, एकसारखं रंगवायची अक्कल एक्सप्लोररला असती, तर मी त्या दुपारी खुर्चीसकट मागे सरकलोच नसतो.

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निवृत्त केलं. ती फुलदाणी माझ्याकडे एका सीडीत अजून आहे. परवा नव्या लॅपटॉपवर उघडून कंट्रोल-ए दाबलं. निळी झाली, बस. भूत कुठे गेलेलं नाही. त्याचा ठिपका न् ठिपका जागच्या जागी आहे. गेला तो चिक.