रकान्यापुरते संत

फॉर्ममधला रकाना मोकळा ठेवायचा नसतो. 'लागू नाही' लिहा, नाहीतर आडवी रेघ मारा, पण मोकळा ठेवलात की खिडकीतून फॉर्म परत. एसक्यूलाइटवाल्या रिचर्ड हिप यांच्यावरही हीच वेळ आली. त्यांचा डेटाबेस तुमच्या-आमच्या फोनात आहे, फुकट आहे आणि तो लिहिणारी माणसं जेमतेम तिघं. बाहेरच्यांचा कोड ते सहसा घेतच नाहीत. भांडायचं कोणी आणि कोणाशी? पण गिऱ्हाईक कंपन्यांच्या पुरवठादार-नोंदणीत रकाना होता: आपली आचारसंहिता?

हिप श्रद्धाळू गृहस्थ. त्यांनी ना समिती नेमली, ना सल्लागार. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठातल्या साधूंना घालून दिलेली ७२ कलमं उचलली आणि रकाना भरला. उपवासाची आवड धरा, फार बोलू नका, कुरकुरू नका, खदाखदा हसू नका, मरण रोज डोळ्यांपुढे ठेवा. (हे मरणाचं कलम डेडलाइनवाल्यांना शिकवावं लागत नाही.)

२०१८ च्या ऑक्टोबरात लोकांचं तिकडे लक्ष गेलं आणि गदारोळ उठला. देव कशाला मध्ये आणला? नास्तिकांनी कुठे जायचं? मग पाटी बदलली. आचारसंहितेची 'नीतिसंहिता' झाली, कलमं तीच राहिली. वर खुलासा आला की ही पाळायची सक्ती कोणावरच नाही, पटलीच पाहिजे असंही नाही. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही ओळ जिन्यातल्या नोटिशीखाली लिहावी; निदान खोटं तरी होणार नाही.

लिनक्स या संगणक-प्रणालीकडे नेमकं उलटं. तिथे हजारो माणसं, आणि खुद्द कर्ते लिनस टोरवाल्ड्स पत्रातून चारचौघांत सालटी काढण्यात नामांकित. २०१५ साली तिथे नियम झाले, त्या नियमांचं नावच 'संघर्षसंहिता'. सप्टेंबर २०१८ मध्ये खरी आचारसंहिता आली, टोरवाल्ड्स यांनी माफी मागितली, रजेवर गेले, ऑक्टोबरात परतले. वर्ष सरता सरता एका उत्साही कार्यकर्त्याने कोडमधल्या टिपांतली इंग्रजीतली ती प्रसिद्ध शिवी खोडून तिथे 'मिठी' घालणाऱ्या १५ दुरुस्त्या धाडल्या. हार्डवेअर बनवणाऱ्याला जिथे मनापासून शिवी हासडलेली, तिथे आता कडकडून मिठी! अनेकांनी नाकं मुरडली. वाक्यच बदला ना, मिठ्या कशाला?

हिप यांच्या दस्तऐवजात मात्र आरंभीच कबुली आहे: हे गिऱ्हाइकांच्या फॉर्ममधला रकाना भरण्यासाठी केलं होतं. इतकी प्रामाणिक आचारसंहिता माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.